कोयंडा: किल्ली घडवणाऱ्या कोडमधल्या आकड्यांच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

घरच्या कागदपत्रांच्या स्कॅन प्रती कुलूपबंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव ‘कोयंडा’. खरेदीखत, सातबारा, विम्याच्या पॉलिसी, आईचे पेन्शनचे कागद, असा सगळा ऐवज. भाषा सी. दोन मशिनवर चालायला हवा: माझा ६४-बिटी लॅपटॉप आणि आईकडे टीव्हीमागे पडलेला जुना रास्पबेरी पाय (एक छोटा संगणक). त्या पायवर अजून ३२-बिटी लिनक्स आहे आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्यालाच लावलेली आहे.

पासवर्डवरून किल्ली काढायचं काम पीबीकेडीएफ२ (PBKDF2) कडे: पासवर्ड आणि सॉल्ट (सोबत मिसळायचे यादृच्छिक बाइट) यांवर हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) पुन्हा पुन्हा काढायचा, म्हणजे चोराला प्रत्येक अंदाज महाग पडतो. अशा प्रत्येक वेळेला म्हणायचं एक फेरी. शहाण्या माणसाने हे तयार लायब्ररीतून उचलावं. मी हॅश तेवढा लायब्ररीतला घेतेय, बाकीचं स्वतः लिहितेय. शिकायचं आहे, आणि उत्तर लायब्ररीशी ताडून बघता येतं.

पहिल्या मसुद्यात पासवर्डची लांबी, सॉल्टची लांबी, फेऱ्या, किल्लीची लांबी, सगळं इंट (सीमधला साधा पूर्णांकाचा टाइप, उणे आकडेही घेणारा). ओपनएसएसएल या लायब्ररीतल्या फंक्शनचं सिग्नेचर असंच आहे, चारही इंट. तिथे पासवर्डच्या लांबीच्या जागी उणे एक दिलं की ते स्वतःच लांबी मोजून घेतं. त्यांना इंट चालतो तर मला काय धाड भरलीय?

४ फेब्रुवारी

आज आरएफसी (इंटरनेटच्या प्रमाणांचा क्रमांकित दस्तऐवज) नीट वाचली. पीबीकेडीएफ२ आधी २००० साली आरएफसी २८९८ मध्ये आलं, २०१७ पासून आरएफसी ८०१८. आकड्यांच्या नजरेने वाचलं की वेगळंच दिसतं.

किल्ली तुकड्यातुकड्याने बनते. प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो, तो चार बाइटमध्ये, मोठा बाइट आधी, असा सॉल्टला चिकटवायचा. म्हणजे हा काउंटर ३२-बिटी आहे हे प्रमाणानेच ठरवून टाकलंय, माझ्या मर्जीचा प्रश्न नाही. किल्लीच्या लांबीची मर्यादाही त्यातूनच येते: (२^३२ − १) गुणिले हॅशची लांबी. एसएचए-२५६ या हॅशला हे जवळजवळ १२८ गिबिबाइट (एक म्हणजे २^३० बाइट) होतं. मला ३२ बाइट पुरेत.

फेऱ्यांबद्दल मात्र प्रमाण एवढंच म्हणतं की धन पूर्णांक असावा. वरची मर्यादा नाही. म्हणजे तिथे टाइप कुठला घ्यायचा हे लिहिणाऱ्याच्या डोक्यावर. वहीत तीन रकाने केले: फाइलमध्ये लिहिले जाणारे आकडे, मेमरीत बाइट मोजणारे आकडे, आणि माणूस कमी-जास्त करणारे आकडे. तिघांना एकच इंट लावणं म्हणजे दूध, सोनं आणि लाकूड एकाच मापाने मोजणं.

५ फेब्रुवारी

आरएफसी ६०७० चे टेस्ट व्हेक्टर (ठरावीक इनपुट आणि त्याचं अपेक्षित उत्तर) लावले (ते एसएचए-१ चे आहेत, म्हणून तात्पुरता तोच हॅश). १, २ आणि ४०९६ फेऱ्यांचे बरोबर. १,६७,७७,२१६ फेऱ्यांचा बरोबर, पण ११ सेकंद घेतले. २५ बाइट मागणाराही बरोबर. हा महत्त्वाचा: एसएचए-१ चा तुकडा २० बाइटचा, म्हणून इथे दुसऱ्या तुकड्याचा क्रमांक पहिल्यांदा वापरला जातो. बाकीच्यांत तो एकच्या पुढे जात नाही. मोठा बाइट आधी की लहान, ही चूकही खरं तर पहिल्याच व्हेक्टरवर सापडायला हवी, माझी सापडली.

६ फेब्रुवारी

पासवर्ड वाचताना शेवटी येणारी नवी ओळ आणि विंडोजवाल्यांचं कॅरेज रिटर्न काढायला चार ओळींचं फंक्शन लिहिलं: ३२ पेक्षा लहान बाइट दिसला की गाळायचा. दहा मिनिटांचं काम. आज एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

होस्टेलची रूममेट जेवायला आली होती. ती विजेच्या मीटरांसाठी फर्मवेअर लिहिते. जेवण झाल्यावर म्हणाली, “दाखव बघू.” आणि तिसऱ्या मिनिटाला, “अगं, फेऱ्या शून्य दिल्या तर?”

दिल्या. किल्ली मिळाली. उणे पाच दिल्या, तरी किल्ली मिळाली, आणि दोन्ही किल्ल्या एकसारख्या. पहिली फेरी मी लूपच्या बाहेर करते, लूप दुसरीपासून सुरू होतो. आकडा दोनपेक्षा लहान असला की लूप चालतच नाही. म्हणजे शून्य, उणे पाच, उणे दोन अब्ज, सगळ्यांचा अर्थ एकच फेरी. ओपनएसएसएलच्या जुन्या आवृत्त्यांच्या माहितीपत्रात तर लिहूनच ठेवलं होतं की एकपेक्षा कमी काही दिलं तर ती एक फेरी धरली जाईल. आता ते चूक म्हणून परत करतात.

त्रास असा की त्या किल्लीकडे बघून काहीच कळत नाही. ३२ बाइटचा कचरा, सहा लाख फेऱ्यांनंतर दिसतो तसाच. दुसऱ्या कुठल्याही कोडमध्ये आकडा चुकला की कुठेतरी बेरीज चुकते, चित्र वाकडं येतं, कोणीतरी फोन करतं. इथे कुलूप लागतं आणि उघडतंही. फक्त चोरालाही ते तितक्याच सहज उघडतं.

मग तिने दुसरं टोक धरलं. फेऱ्यांचा आकडा फाइलच्या हेडरमधून (सुरुवातीच्या माहितीतून) येतो; कोणी तिथे ४,२९,४९,६७,२९५ लिहून ठेवलं तर? मी तो इंटमध्ये वाचत होते, त्याचे उणे एक झाले, म्हणजे पुन्हा एकच फेरी. आणि युइंट३२ (उणे न घेणारा ३२-बिटी पूर्णांक) मध्ये नीट वाचला तर? परवाच्या ११ सेकंदांच्या २५६ पट, म्हणजे पाऊण तासाच्या वर मशीन गुंतलेलं. दोन्ही नकोत.

ठरलं ते असं. हेडरमध्ये युइंट३२, आणि वाचल्या वाचल्या खालची-वरची हद्द तपासायची. हद्दीबाहेर गेला तर फाइल नाकारायची, आकडा गुपचूप दुरुस्त करायचा नाही. रस्टमधल्या ‘रिंग’ लायब्ररीने हे टाइपमध्येच बसवलंय, तिथे फेऱ्यांचा टाइपच ‘शून्य नसलेला ३२-बिटी’ आहे. शून्य द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही. सीमध्ये तेवढी चैन नाही. मी एका सदस्याचं स्ट्रक्चर केलं आणि ते तपासणीच्या फंक्शनमधूनच बाहेर पडेल अशी सोय केली. रूममेट म्हणाली, थोडं सोवळ्याचं वाटतंय. वाटू दे.

१२ फेब्रुवारी

तिने तिच्या टेबलावरच्या एव्हीआर बोर्डवर माझं जुनं कोड चालवून फोटो पाठवला. त्या चिपवर इंट १६ बिटांचा असतो. सी भाषेचं प्रमाण इंटला किमान तेवढीच हमी देतं, आपणच ३२ धरून चालतो. ओवॅस्प या सुरक्षा संस्थेची सध्याची शिफारस पीबीकेडीएफ२ आणि एसएचए-२५६ साठी सहा लाख फेऱ्यांची आहे. बोर्डच्या पडद्यावर आकडा होता १०१७६.

कागदावर करून बघितलं: ६५५३६ नवे ५,८९,८२४, सहा लाखांतून गेले, उरले १०१७६. बरोबर. आकडा कोडमध्ये थेट लिहिला तर कंपायलर ओरडतो. पण तोच फाइलमधून, चालू प्रोग्रॅममध्ये आला की चकार शब्द काढत नाही. आणि ६५५३६, जो कित्येक जावा उदाहरणांत सर्रास दिसतो, त्याचं तिथे थेट शून्य होतं.

२००० साली आरएफसीत किमान एक हजार सुचवलं होतं. हजार कुठल्याही इंटमध्ये मावतो. टाइप तेवढाच राहिला, आकडे वाढत गेले.

१५ फेब्रुवारी

पीबीकेडीएफ२ ला मेमरी जवळजवळ लागतच नाही, म्हणून ग्राफिक्स कार्डावर हजारो अंदाज एकाच वेळी करता येतात. त्यावर तोडगा म्हणून कॉलिन पर्सिव्हल यांनी २००९ मध्ये एसक्रिप्ट मांडलं. २०१६ पासून ते आरएफसी ७९१४ आहे. तेही घालून बघतेय. त्यात तीन आकडे: एन, आर, पी. मेमरी लागते १२८ गुणिले एन गुणिले आर बाइट.

फाइलींसाठी पर्सिव्हल यांनी सुचवलेले आकडे एन = २^२०, आर = ८, म्हणजे बरोबर एक गिबिबाइट. चाललं. एन दुप्पट केला, चाललं. पुन्हा दुप्पट केला आणि प्रोग्रॅम कोसळला.

रविवारच्या बोलण्यानंतर मी सगळं अनसाइन्ड (उणे न घेणारं) करून टाकलं होतं आणि सुटलो असं समजत होते. २^७ गुणिले २^२२ गुणिले २^३ म्हणजे २^३२, आणि युइंट३२ मध्ये ते नेमकं शून्य. शून्य बाइट मागितले, मॅलॉकने (मेमरी देणाऱ्या फंक्शनने) ‘हे घे’ म्हणून पॉइंटर दिलासुद्धा, आणि मी त्या शून्य बाइटांच्या जागेत चार गिबिबाइट ओतायला लागले. निदान हा बग प्रामाणिक, तोंडावर पडला.

साइझ_टी (सीमधला बाइट मोजायचा टाइप) मध्ये गुणाकार केला तर लॅपटॉपवर प्रश्न मिटतो, पण पायवर साइझ_टी सुद्धा ३२ बिटांचाच. पर्सिव्हल यांच्या मूळ कोडमध्ये एन ६४-बिटी, आर आणि पी ३२-बिटी आहेत, आणि गुणाकार करून मग तपासत नाहीत. आधी भागाकार करतात. साइझ_टी च्या कमाल आकड्याला १२८ ने आणि आर ने भागायचं, एन त्याहून मोठा निघाला तर तिथेच थांबायचं. तसंच उचललं. गुणाकार झाल्यावर तपासायला उरतं काय? पाणी वाहून गेल्यावर बांध घालणं ते.

१८ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार, कारण तीन संध्याकाळी यात गेल्या.

आरएफसी ७९१४ मध्ये एसक्रिप्टचे चार व्हेक्टर आहेत. पहिला बरोबर. तिसरा बरोबर. चौथा, म्हणजे एक गिबिबाइटवाला, तोही बरोबर. दुसरा चूक. पासवर्ड ‘पासवर्ड’ (इंग्रजी अक्षरांत), सॉल्ट मिठाचं रासायनिक सूत्र, एन १०२४, आर ८, पी १६. सगळ्यात जड व्हेक्टर जमतो आणि हा एवढासा जमत नाही, म्हणून डोकं फिरलं. आधी मिसळण्याच्या फंक्शनवर संशय घेतला, मग एंडियनवर (बाइटांच्या क्रमावर), मग आरएफसीवर (हो, तेही करून झालं).

शेवटी मधला बफर छापला. एसक्रिप्ट आधी पीबीकेडीएफ२ कडून पी गुणिले १२८ गुणिले आर एवढे बाइट मागून घेतं. इथे ते १६३८४ होतात. बफरचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग हुबेहूब सारखे. ८१९२ वा बाइट संपला की पहिलीच ओळ पुन्हा. यादृच्छिक दिसायला हव्या अशा बाइटांत मला नक्षी दिसत होती, पैठणीच्या काठावरचा मोर पुन्हा पुन्हा यावा तशी.

३२ बाइटचा एक तुकडा, ८१९२ भागिले ३२ म्हणजे २५६. तुकड्याचा क्रमांक मी एका बाइटच्या काउंटरमध्ये ठेवला होता. चार बाइट लिहीत होते, पण त्यातले पहिले तीन कायम शून्य. २५६ व्या तुकड्याला क्रमांक मिळाला शून्य, २५७ व्याला पुन्हा एक.

हे आलं कुठून तेही सापडलं. मागच्या वर्षी एचकेडीएफ लिहिलं होतं, आणि लूपचा सांगाडा तिथून चिकटवला होता. एचकेडीएफमध्ये काउंटर खरोखरच एका बाइटचा असतो, आरएफसी ५८६९ मध्ये तसंच आहे. म्हणूनच तिथे २५५ तुकड्यांच्या पुढे मागताच येत नाही. तिथे तो बाइट म्हणजे नियम होता, इथे तोच बाइट चूक. दोन्ही किल्ली काढणारीच फंक्शनं, नावंही सख्ख्या भावांसारखी.

आणि बाकीचे व्हेक्टर का जमले? पहिल्यात १२८ बाइट, म्हणजे ४ तुकडे. तिसऱ्या-चौथ्यात पी एक असल्यामुळे १०२४ बाइट, ३२ तुकडे. २५६ ओलांडणारा एकटा दुसराच. माझ्या स्वतःच्या कुलपांत पी एकच असतो. हा व्हेक्टर नसता तर एखाद दिवशी पी वाढवला असता, माझं माझ्याशी जुळत राहिलं असतं, आणि अर्धं काम फुकट चाललंय हे कोणाच्या बापाला कळलं नसतं.

काउंटर आता युइंट३२. टेस्टमध्ये २५५, २५६, २५७ आणि ६५५३७ तुकडे मागणारे चार जास्तीचे प्रसंग घातले, उत्तरं लायब्ररीकडून.

२० फेब्रुवारी

हेडरमध्ये एन पूर्ण लिहीत नाही, त्याचा घातांक एका बाइटमध्ये लिहिते. वाचताना ‘१ डावीकडे सरकवा’. तो १ साधा इंट असतो हे विसरायला होतं. घातांक ३२ दिला तर लॅपटॉपवर उत्तर येतं १, पायवर ०. सीच्या प्रमाणानुसार दोन्ही ‘काहीही होऊ शकतं’ या सदरात. आता १ हा ६४-बिटी आहे आणि घातांकाची हद्द आधी तपासली जाते.

यातला गाजलेला किस्सा जावाच्या जेबीक्रिप्टचा आहे, त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१५-०८८६. बीक्रिप्टमध्ये (पासवर्डचा हॅश काढायची आणखी एक पद्धत, जेबीक्रिप्ट हे तिचं जावा रूप) खर्चाचा आकडा ४ ते ३१. फेऱ्या म्हणजे दोनचा तेवढा घात. जावाचा इंट सही असलेला (साइन्ड, म्हणजे उणे आकडेही घेणारा) ३२-बिटी, त्यामुळे ३१ दिले की फेऱ्या उणे दोन अब्जांच्या पलीकडे, आणि लूप एकदाही फिरत नाही. सगळ्यात घाबरट माणसाने सगळ्यात मोठा आकडा निवडावा आणि त्यालाच सगळ्यात फुसकं कुलूप मिळावं. ०.४ आवृत्तीत ते सुधारलं.

२७ फेब्रुवारी

आज मराठी भाषा गौरव दिन, आणि आजच देवनागरी पासवर्डने माझी लाज काढली.

आईच्या ३१ फाइली लॅपटॉपवर कुलूपबंद करून पायवर ठेवल्या होत्या. आई पासवर्ड मराठीत टाइप करते, सगळा देवनागरीत, मध्ये मोकळी जागा नाही. संध्याकाळी तिचा फोन: “अगं, उघडत नाही. शब्द बरोबर आहे, तीनदा बघून टाकला.” मी तिलाच म्हटलं, आई, जोडाक्षर चुकत असेल. (माफीची नोंद इथे करून ठेवते.)

तीच फाइल लॅपटॉपवर उघडली, लगेच उघडली. मग सहज, चुकीचा शब्द टाकून बघितला. उघडली. माझं नाव मराठीत टाकलं. उघडली. नुसता एंटर मारला.

उघडली.

हात गार पडले. कारण सापडायला मात्र पाच मिनिटंही लागली नाहीत: ६ फेब्रुवारीचं दहा मिनिटांचं काम. ३२ पेक्षा लहान बाइट गाळायचा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे. ‘अ’ म्हणजे २२४, १६४, १३३. साधा ‘चार’ (char) हा एका बाइटचा टाइप सही असलेला की नसलेला हे सी प्रत्येक मशिनवर सोडून देतं. माझ्या लॅपटॉपवर तो सही असलेला, म्हणून २२४ चे झाले उणे ३२, १६४ चे उणे ९२, १३३ चे उणे १२३. सगळे ३२ पेक्षा लहान. सगळे गाळले. आईचा पासवर्ड होता एक रिकामी ओळ. पायच्या एआरएम लिनक्सवर तोच ‘चार’ सही नसलेला, तिथे पूर्ण शब्द पोचला, म्हणून किल्ली वेगळी निघाली आणि फाइल उघडली नाही. बिचारा पाय एकटा बरोबर होता.

रिकामा पासवर्ड नाकारायची तपासणी होती की. गाळण्याच्या आधी. तेव्हा हातात किमान नवी ओळ असतेच, म्हणून लांबी कधीच शून्य नसायची.

सगळे टेस्ट व्हेक्टर इंग्रजी अक्षरांत. मी स्वतः इंग्रजी अक्षरांतच पासवर्ड टाकते. मराठीत लिहिणारी, मराठीत नोंदी ठेवणारी मी, आणि टेस्टमध्ये एक ‘अ’ नव्हता.

१ मार्च

दोन दिवस दुसऱ्यांच्या जखमा वाचत बसले, जरा बरं वाटावं म्हणून.

क्रिप्ट-ब्लोफिश, २०११. बीक्रिप्टचं नावाजलेलं कोड. पासवर्डचे बाइट एकेक करून ३२-बिटी शब्दात सरकवत नेताना ‘चार’ सही असलेला घेतला गेला होता. १२७ च्या वरचा बाइट आला की तो उणे होऊन पसरतो, वरचे चोवीस बिट एक होतात, आणि त्याच शब्दात आधी भरलेली अक्षरं पुसली जातात, तीनपर्यंत. इंग्रजी पासवर्डला काही धक्का नाही. म्हणजे दुबळे झाले ते फक्त आपल्यासारख्यांचे. दुरुस्तीनंतर जुने चुकीचे हॅश ओळखायला ‘टू-एक्स’ आणि बरोबर असलेल्यांना ‘टू-वाय’ अशा खुणा दिल्या. पीएचपीच्या हॅशमध्ये अजून ‘टू-वाय’ दिसतं ते त्या घटनेचं.

ओपनबीएसडी ऑपरेटिंग सिस्टिमचं बीक्रिप्ट, २०१४. पासवर्डची लांबी आठ बिटांच्या सही नसलेल्या आकड्यात. २५५ च्या पुढे गेलं की २५६ ने भागून उरलेली बाकी. इंग्रजीत एवढा लांब पासवर्ड कोण टाकतं? पण देवनागरीत तीन बाइटला एक चिन्ह, काना-मात्राही मोजायच्या, म्हणजे ८६ चिन्हांत २५६ ची वेस ओलांडली. एक-दीड ओवी सलग टाइप केली तर तिथवर पोचतो, आणि नेमक्या ८६ चिन्हांना हातात उरतात दोन-तीन बाइट, जेमतेम पहिलं अक्षर. दुरुस्त आवृत्तीची खूण ‘टू-बी’. बीक्रिप्ट तसंही ७२ बाइटच्या पुढचं बघत नाही. आपली ती २४ चिन्हं.

आणि अँड्रॉइड. ४.४ च्या आधी तिथलं पीबीकेडीएफ२ पासवर्डच्या प्रत्येक चिन्हाचे खालचे आठच बिट घ्यायचं. हे वाचून मी युनिकोडचा तक्ता उघडला. ‘कमल’: क ०९१५, म ०९२ई, ल ०९३२. खालचे आठ बिट १५, २ई, ३२. आता तेलुगू लिपीत कमल: ०सी१५, ०सी२ई, ०सी३२. खालचे आठ बिट १५, २ई, ३२! भारतीय लिप्या युनिकोडमध्ये एकाच साच्यात मांडल्यात, त्यामुळे नागपूरच्या कमलची आणि वरंगळच्या कमलची किल्ली एकच. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

(‘वाऱ्यावर’ मधला ऱ् दोन प्रकारे टाइप होतो, ऱ ला हलन्त देऊन किंवा र् नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला सारखे, बाइट वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही हे दोन एक करत नाही. आईच्या कीबोर्डवर पहिला प्रकार येतो. हा गुंता आत्ता सोडवत नाही.)

५ मार्च

शेवटचा मुक्काम आर्गॉन२, एसक्रिप्टसारखंच मेमरी मागणारं फंक्शन. आरएफसी ९१०६, २०२१. इथे प्रमाण लिहिणाऱ्यांनी आकड्यांच्या हद्दी आधीच आखून दिल्यात: फेऱ्या १ ते २^३२ − १, समांतर वाटा २^२४ − १ पर्यंत, सगळ्या लांब्या ३२ बिटांत, आणि लहान बाइट आधी. पीबीकेडीएफ२ च्या अगदी उलट क्रम, सवयीने पुन्हा चुकले.

मेमरी किबिबाइटमध्ये मोजायची. पहिली शिफारस २^२१, म्हणजे दोन गिबिबाइट. कोणी हौसेने त्याचे बाइट करून इंटमध्ये ठेवले तर २,१४,७४,८३,६४८, आणि इंटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. एकाने हुकलं! पायची सगळी मेमरी मिळून एक गिबिबाइट, म्हणून दुसरी शिफारस घेतली: ६४ मेबिबाइट, ३ फेऱ्या, ४ वाटा.

टाइप बरोबर असला तरी एकक चुकतंच. जावाच्या पीबीई-की-स्पेकमध्ये किल्लीची लांबी बिटमध्ये मागतात. ३२ लिहिलं की चार बाइटची किल्ली. इंटला इंट जुळला, कंपायलर खूश. माझ्याकडे आता चलांच्या नावातच एकक आहे, ‘मेमरी_किबि’, ‘किल्ली_बाइट’. दिसायला गचाळ, वाचायला बरं.

८ मार्च

कंपायलरला रूपांतराच्या सगळ्या वॉर्निंग चालू करायला सांगितल्या, सहीच्यासुद्धा. ४७ आल्या. पहिला मोह प्रत्येक ठिकाणी कास्ट (जबरदस्तीचं टाइप-रूपांतर) मारून गप्प करण्याचा. १९ मारलेही, मग लक्षात आलं की ६ फेब्रुवारीच्या फंक्शनला असा कास्ट मारला असता तरी ते चुकीचंच राहिलं असतं. कास्ट म्हणजे कंपायलरच्या तोंडावर हात. सगळे काढले आणि टाइप मुळापासून बदलत आले. आता ३ कास्ट आहेत, प्रत्येकाच्या वर त्याआधीची हद्द-तपासणी.

पासवर्डचे बाइट सगळीकडे युइंट८, साधा चार कुठेही नाही. गाळण्याचं फंक्शन गेलं. आता फक्त शेवटची नवी ओळ आणि तिच्या आधीचं कॅरेज रिटर्न निघतं. रिकाम्याची तपासणी त्यानंतर.

सॅनिटायझरवर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणाऱ्या साधनावर) फार विसंबू नये हेही कळलं. सही नसलेला आकडा फिरून शून्यावर येणं हे सीमध्ये कायदेशीर आहे, त्यामुळे नेहमीचा तपासनीस त्यावर बोलत नाही. क्लँग कंपायलरमध्ये वेगळं बटण आहे, ते दाबलं तर हॅशमधल्या मुद्दाम फिरवलेल्या बेरजांवरही ओरडतो. तिथे अपवाद लावले.

१४ मार्च

धुळवड. रंगलेल्या बोटांनी कीबोर्डला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि पाळलं.

२२ मार्च

जुन्या फाइलींचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. आईच्या ३१ रिकाम्या पासवर्डने उघडतात, सोपं आहे. पण दादानेही ४ फाइली केल्या होत्या, आणि त्याचा पासवर्ड अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी. म्हणजे त्याच्या किल्लीत इंग्रजी अर्धा उरला, मराठी गळला. त्या उघडायच्या तर जुनी चूक जशीच्या तशी करावी लागणार, आणि पायवरसुद्धा करावी लागणार, जिथे ती मुळात घडतच नव्हती.

म्हणून जुन्या आवृत्तीची वेगळी फाइल केली. त्यात टाइप साधा चार नाही, मुद्दाम ‘साइन्ड चार’ लिहिला. वर टीप: ‘हे चुकीचं आहे. चुकीचंच राहू द्या.’ क्रिप्ट-ब्लोफिशवाल्यांनी ‘टू-एक्स’ का ठेवलं ते आता हातात घेऊन कळलं. टेस्टमध्ये पहिला मराठी प्रसंगही आला: आवृत्ती एकमध्ये ‘अ’ आणि रिकामी ओळ यांची किल्ली एकच यायला हवी, आवृत्ती दोनमध्ये वेगळी.

दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे मी उगाच अर्धा मराठीत टाइप करत होतो?” हो दादा.

३० मार्च, गुढीपाडवा

आईकडे. पुरणपोळी झाल्यावर पाय टीव्हीला जोडला. ३५ च्या ३५ फाइली जुन्या कोडने उघडल्या, नव्याने बंद केल्या. पायवर आर्गॉन२ ला प्रत्येक फाइलीमागे बरेच सेकंद लागतात. आईने तेवढ्यात गुढीला दाखवलेला नैवेद्य सगळ्यांना वाटून टाकला. नंतर आवृत्ती एकची फाइल रिपॉझिटरीतून काढली.

आईने नवा पासवर्ड स्वतः टाकला, मला पाठ फिरवून बसवून. मग विचारलं, “आता नुसता एंटर मारला तर गं?”

तिनेच मारला. पासवर्ड चुकला, असं आलं. पुन्हा एकदा मारून बघितला तिने.